आधी रुमाल, मग दोर

माझा आवाज तुम्ही ऐकला असेल. नसेल तर मी काय बोलणार, तुमचं नशीबच फुटकं. सर्कस आली की गाडीवर भोंगा बांधून गल्लोगल्ली ओरडत फिरतो तो मीच, आणि संध्याकाळी लाल कोट चढवून माईकपुढे उभा राहतो तोही मीच. घराणं आमचं हवेतलं, पण मला शिडीच्या तिसऱ्या पायरीवर घेरी येते. म्हणून मी जमिनीवर राहिलो आणि तोंड चालवायला शिकलो.

हवेतलं घराणं म्हणजे काय ते सांगतो. आमची आई दातांवर लटकायची. तिच्यामागून माझी थोरली बहीण, जिला सगळी सर्कस अक्का म्हणते. आणि आता माझी पोरगी लटकणार होती. दातांवर म्हणजे अगदी खरोखर दातांवर. तंबूच्या माथ्यावर कप्पी असते, तिच्यातून दोर खाली येतो, दोराच्या टोकाला फिरकी आणि फिरकीला चामड्याची जाड पट्टी. ती पट्टी दातांत घट्ट धरायची. खालून दोर ओढला की माणूस वर, आणि वर गेलं की दोन्ही हात पसरून गरागरा फिरायचं. कमरेला बारीक सुरक्षेची दोरी असते, पण ती जीव वाचवते, अब्रू नाही.

पोरीचे पुढचे दोन दात लहानपणापासून मोठे, म्हणून मी तिला खारू म्हणायला लागलो, आणि सर्कशीनं तेच नाव उचललं. पाळण्यातून उतरली ती अक्काच्या मागेमागेच फिरली. गेला सबंध हंगाम अक्कानं स्वतःचा खेळ बंद ठेवून तिला तयार केलं. रोज सकाळी रिकाम्या तंबूत आत्या दोर ओढायची आणि भाची वर जायची. पण लोकांपुढे अजून एकदाही गेली नव्हती. तिची पहिली वेळ या मुक्कामात होती.

आणि शेवटचीही ठरू शकत होती. रिकामी कप्पी मालकांना खुपत होती. हवेत टांगलेल्या रिंगांवर कसरती करणाऱ्या मुलींशी त्यांचं बोलणं झालेलं होतं. मला बाजूला घेऊन त्यांनी स्पष्ट सांगितलं, की या मुक्कामात दातांचा खेळ वर गेला तर गेला, नाहीतर कप्पी उतरवून तिथे रिंगा टांगू. मी छाती ठोकून म्हणालो, मालक, पहिल्याच दिवशी बघा. भिंतीभिंतीवर खारूचं चित्र लागलं. भोंग्यावरून मी तिचं इतकं कौतुक केलं की शेवटी माझं मलाच हसू आलं. घरात, म्हणजे आमच्या कनातीत, माझी बायको तिच्या कपड्यांवर टिकल्या लावत होती आणि मी एका जागी बसेन तर शपथ.

आता रुमालाचं सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यापाशी अडलं.

आमच्या आईचा नियम. वर जायच्या आधी स्वच्छ पांढऱ्या कापडाचा तुकडा दातांत धरायचा आणि पट्टी चावतो तितक्याच ताकदीनं चावायचा. दोर जिच्या हातात तिनं तो तुकडा उघडून बघायचा. पांढरा असेल तर दोर हलेल. लाल ठिपका दिसला तर नाही, मग बाहेर राजा येऊन बसलेला असो. हिरडी कच्ची तर पकड कच्ची, असं आई म्हणायची, आणि तिच्यापुढे कुणाची बोलायची टाप नव्हती.

पहिल्या खेळाच्या सकाळी अक्कानं खारूच्या तोंडात तुकडा दिला. खारूनं चावला. अक्कानं उघडला, आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. उजव्या बाजूला, सुळ्याच्या मागे, लाल ठिपका.

खारू म्हणाली, लिपस्टिक आहे. अक्कानं अंगठ्यानं पोरीचे ओठ कोरडे पुसले, दुसरा तुकडा दिला. पुन्हा तिथेच, तसाच ठिपका. अक्कानं दोर खुंटीला गुंडाळला आणि सांगितलं, आज नाही.

मी तापट माणूस, लपवत नाही. मी अंगावर धावून गेलो. एवढासा ठिपका, अक्का, डास चावला तरी एवढं रक्त येतं.

"डासावर कुणी लटकत नाही," अक्का म्हणाली.

खारू खाली मान घालून उभी होती. तिचं कोपऱ्यात जाऊन रडणं मला बघवेना, आणि मालकांचं तोंड तर त्याहून बघवेना. भिंतींवर चित्रं, तिकिटांच्या खिडकीवर रांग, आणि आता काय तोंड दाखवायचं? तेव्हा अक्काच म्हणाली की मी चढते. एका हंगामात काही माझे दात गळाले नाहीत. चला, माझा जीव भांड्यात पडला. बायकोनं ट्रंकेतून अक्काचा चांदीचा पोशाख काढला, शिवणी उसवल्या, अक्काला आत कोंबलं, पुन्हा शिवलं. अक्का म्हणाली, श्वास वर गेल्यावर घेईन.

संध्याकाळी तंबू खच्चून भरला. पडद्यामागे अक्का उभी, पट्टी हातात. दोर आता खारूच्या हातात होता. मी लाल कोटाची बटणं लावत होतो, आणि बघतो तर काय, पोरगी कनातीतून पांढरा तुकडा घेऊन आली आणि तिनं तो आत्यापुढे धरला.

अक्काचे डोळे मोठे झाले. मला दाखवतेस, म्हणाली. खारूनं हात खाली घेतला नाही. "दोर माझ्या हातात आहे, आत्या. नियम तूच शिकवलास."

अक्कानं तुकडा ओढून घेतला आणि दात-ओठ खात चावला. मग स्वतःच उघडला. आम्ही तिघांनी एकदमच पाहिलं. ठिपका कसला, लाल रेघ होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

सबंध हंगाम अक्का रोज भाचीचा रुमाल तपासत होती, तिचा रुमाल तपासणारं कुणी नव्हतं. तिनं तुकड्याची बारीक घडी केली, मुठीत धरली, आणि खाली बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागली. मला ती त्या क्षणी एकदम आईच्या वयाची वाटली. आणि बाहेर बँड वाजायला लागला होता.

मी माईकपुढे गेलो. थापा मारायची मला सवय आहे, तोच माझा धंदा. कलाकाराला ताप आला, कप्पी अडकली, दहा कारणं जिभेवर होती. पण डोळ्यांपुढे ती लाल रेघ, आणि तोंडातून खरंच निघून गेलं. मी सांगितलं, मंडळी, आज दातांचा खेळ होणार नाही. आमच्या दोन्ही कलाकारांच्या हिरड्यांतून रक्त येतंय, आणि आमच्याकडे रक्त आलं की दोर हलत नाही. तंबूत आधी शांतता, मग कुजबुज, मग कुणीतरी फिस्सकन हसलं. विदूषकानं धावत येऊन वेळ मारून नेली. मालक मात्र माझ्याकडे असे बघत होते की मी उद्यापासून भोंगा नाही तर खराटा धरणार.

खेळ सुटल्यावर एक बाई म्हाताऱ्या आईचा हात धरून मागच्या बाजूला आल्या. आधी त्यांना वाटलं होतं की मी विनोद केला. मग वाटलं, बघून तर यावं. त्या दातांच्या डॉक्टर होत्या. वर्षातून किती वेळा दात तपासून घेता, असं त्यांनी अक्काला विचारलं. अक्का ताठ मानेनं म्हणाली, जन्मात एकदाही नाही. मेडल मिळाल्यासारखं सांगितलं तिनं. डॉक्टरबाई एवढंच म्हणाल्या की उद्या दोघी या, आणि येताना आपापला ब्रश घेऊन या.

दवाखाना वह्या-पेनांच्या दुकानावर होता, चिंचोळा जिना, खोलीत औषधाचा वास. मीही गेलो, कारण मला वगळून आमच्याकडे काही घडत नाही. डॉक्टरबाईंनी दोन्ही ब्रश टेबलावर शेजारी ठेवले. खारूचा ब्रश कधीचा जुना, पण केस अजून सरळ उभे, जणू काल आणला. अक्काचा ब्रश नवा, आणि त्याचे केस चारी दिशांना फेंदारलेले.

त्यांनी आधी खारूला विचारलं. उजवीकडे घासतेस का? खारूनं सांगून टाकलं. कधीतरी तिथे ब्रश लागून रक्त आलं होतं. रुमाल लाल झाला तर आत्या वर जाऊ देणार नाही, म्हणून तिनं त्या कोपऱ्याला हातच लावणं सोडलं, बाकीचे दातही हलकेच घासायची. दुखऱ्या जागेला आराम दिला की ती बरी होईल, असं तिला वाटलं. दुखरा खांदा आपण असाच बरा करतो ना, म्हणाली.

"खांद्यावर जेवण साचत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. आणि आरसा धरून त्यांनी तिला तो कोपरा दाखवला. दाताला हिरडी जिथे टेकते तिथे पिवळट थर, आणि खाली दगडासारखं घट्ट किटण. थर रोज काढला नाही की त्याचं किटण होतं, हिरडी सुजते, सुजली की रक्त येतं. रक्त येतं म्हणून घासायचं सोडलंस, आणि घासायचं सोडलंस म्हणून रक्त येतंय. खारूनं आरशातून आत्याकडे पाहिलं. ज्या रुमालानं दुखणं पकडायचं, त्याच रुमालाच्या भीतीनं पोरीनं ते वाढवलं होतं. अक्काला ते कळलं, कारण तिनं नजर खिडकीबाहेर वळवली.

मग अक्काची पाळी. तिचं उलटंच. ती दात घासत नव्हती, पातेलं घासत होती. कडक ब्रश, मनगटाचा सगळा जोर, आडवे फटके. जितकं जोरात घासू तितके दात मजबूत, ही तिची समजूत. त्या जोरानं हिरड्या मागे सरकल्या होत्या, आणि दोन दातांच्या मधल्या फटीत मात्र ब्रश कधी पोचलाच नव्हता. डॉक्टरबाईंनी मऊ ब्रश दिला आणि तो मुठीत नाही, पेनासारखा बोटांत धरायला लावला. हिरडीच्या कडेला तिरका टेकवायचा, लहान लहान गोल, सावकाश, दोन मिनिटं, सकाळी आणि रात्री झोपायच्या आधी. फटींसाठी बारीक दोरा. दोरा बघून अक्का पहिल्यांदा हसली. म्हणाली, आणखी एक दोर.

मी दारात उभा राहून माना डोलावत होतो, तेवढ्यात त्यांनी मलाही खुर्चीत बसवलं. ती खुर्ची मागे कलते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला घेरी आली. मी सांगितलं की आवाजासाठी मी रोज मिठाच्या गुळण्या करतो, माझं तोंड लखलखीत आहे. त्या म्हणाल्या, गुळण्यांनी घसा धुतला जातो, थर नाही. माझी एक दाढ किडलेली निघाली. खारू आणि अक्का दोघी आपलं दुःख विसरून दात काढून हसल्या, आणि खरं सांगतो, ती दाढ मला त्या क्षणी आवडली.

किटण साफ झालं. निघताना डॉक्टरबाई म्हणाल्या, माझं ऐकाल तर हा लटकण्याचा खेळच सोडा, दात यासाठी नसतात. अक्का म्हणाली, ते सोडून बोला. शेवटी तडजोड झाली. हिरड्या बऱ्या होईपर्यंत एकदाही लटकायचं नाही, आणि मुक्काम हलायच्या आधी त्या स्वतः येऊन तपासतील.

मालकांना मी कसं पटवलं ते विचारू नका. हातापाया पडलो. ते म्हणाले, शेवटचा रविवार. त्या दिवशी वर गेली नाही तर सोमवारी कप्पी खाली.

मग सुरू झाली आमची घासाघाशी. तंबूमागे पाण्याचं पिंप, त्याच्यावर विदूषकाचा रंगकामाचा आरसा टांगलेला. दोघी शेजारी शेजारी, आणि दोन मिनिटं मोजायला मी. नुसतं घड्याळ बघणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून मी चालू खेळाचं वर्णन केल्यासारखं बोलायला लागलो. आता वरची डावी बाजू, मंडळी, आता सुळ्याला वळसा, सावकाश अक्का, पातेलं नाही ते. बघता बघता झुलेवाले आले, सायकलवाल्या आल्या, बँडवाले आले. विदूषक रोज लिंबाच्या गोळ्या चघळायचा, तोसुद्धा ब्रश घेऊन उभा राहिला.

डॉक्टरबाईंनी बजावलं होतं की सुरुवातीला रक्त येईल, थांबू नका. पण ऐकणं वेगळं आणि थुंकीत लाल बघणं वेगळं. दुसऱ्याच सकाळी खारूनं गुळणी टाकली आणि तिचा चेहरा उतरला. तिनं ब्रश पिंपावर ठेवला आणि म्हणाली, माझ्यानं नाही होणार, मला ते बघायचंच नाही. मी बोलायला तोंड उघडलं, तर अक्कानं हातानं मला गप्प केलं. तिनं स्वतःची गुळणी खारूच्या पायापाशी टाकली. तीही गुलाबी होती.

"माझंही येतंय," अक्का म्हणाली. "लपवू नकोस. घास."

खारूनं ब्रश उचलला. त्या दिवशी मी वर्णन केलं नाही. नुसतं घड्याळ बघत राहिलो.

नंतर ते हळूहळू फिकं होत गेलं. आणि एका सकाळी खारू अशी किंचाळली की आग लागली समजून झुलेवाले अर्ध्या चड्डीत बाहेर धावले. गुळणी स्वच्छ होती, नितळ पाणी. तिनं सगळ्यांना ओढून ओढून जमिनीवरचा ओला डाग दाखवला. मोठी माणसं, ओणवी होऊन थुंकी बघतायत आणि टाळ्या पिटतायत. अक्काचं अजून पूर्ण बरं नव्हतं, तिच्या हिरड्या जुन्या आणि हट्टी. पण मऊ ब्रश आता तिच्या बोटांत नीट बसायला लागला होता.

शेवटचा रविवार उजाडला. माझी झोप उडालेली, बायकोनं पोशाखाची प्रत्येक टिकली तीनदा ओढून बघितलेली. डॉक्टरबाई बॅटरी आणि छोटा आरसा घेऊन आल्या, खारूला ट्रंकेवर बसवलं आणि कोपरान् कोपरा बघितला. आम्ही सगळे श्वास रोखून. त्या म्हणाल्या, हिरड्या घट्ट आहेत, गुलाबी आहेत, उत्तम आहेत. खेळाबद्दल माझं मत बदललेलं नाही. तिकीट मात्र काढलंय.

संध्याकाळी पुन्हा तोच पडदा, तोच बँड, बाहेर मुंगीला शिरायला जागा नाही. खारू चांदीच्या कपड्यांत उभी. अक्कानं दोर खुंटीवरून सोडला, हातात घेतला, आणि पांढरा तुकडा पोरीपुढे धरला. खारूनं तोंड उघडलं नाही. तिनं पोशाखाच्या पट्ट्यातून दुसरा तुकडा काढला आणि आत्यापुढे धरला.

"आधी तू."

अक्का म्हणाली, मी कुठे वर चाललेय. खारू म्हणाली, तू माझा बघतेस, मग तुझा कुणी बघायचा? मालक पडद्याआडून हातवारे करत होते, बँड तेच कडवं दुसऱ्यांदा वाजवत होता. मी मध्ये पडणार होतो, पण अक्काकडे पाहिलं आणि मागे सरलो. माझ्या बहिणीला घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. तिनं डोळे मिटले आणि तुकडा चावला. सगळ्या ताकदीनं चावला.

खारूनं तो उघडला. दातांचे ठसे होते, ओल होती. लाल काहीही नव्हतं. तिनं तो दिव्याखाली धरला, उलटा केला, पुन्हा पाहिला, आणि स्वतःचा चावून आत्याच्या हातात दिला. तोही पांढरा. अक्कानं दोन्ही तुकडे एकत्र घडी करून झग्यात छातीशी खोचले आणि दोर दोन्ही हातांनी धरला.

मी माईकपुढे गेलो. मोठं भाषण पाठ केलं होतं, पोलादी दात, तीन पिढ्या, काय काय. एक शब्द आठवेल तर शपथ. मी म्हणालो, मंडळी, ही माझी पोरगी. बस्स, एवढंच.

दोर ताणला. खारूचे पाय जमिनीवरून सुटले. मला वर बघताना घेरी येते, पण मी बघितलं, सगळं बघितलं. कमरेची दोरी सैल लोंबत राहिली, तिला एकदाही ताण पडला नाही. माथ्याला पोचल्यावर पोरीनं हात पसरले, फिरकी मोकळी झाली, आणि ती इतक्या वेगानं फिरली की टिकल्यांचा उजेड तंबूभर सांडला. अक्काच्या दंडाच्या शिरा फुगल्या होत्या आणि ती रडत होती, हात मात्र हलत नव्हते. तिसऱ्या रांगेत डॉक्टरबाई तोंडावर हात धरून बसल्या होत्या, आणि त्यांची म्हातारी आई खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवत होती.

खारूचे पाय वाळूला टेकले आणि तंबू फुटेल असा गजर झाला. लोक उभे राहिले, बाकांवर चढले. मालक धावत आले, म्हणाले, बोलव तिला, पुन्हा बोलव, कप्पी राहू दे, पुढच्या सगळ्या मुक्कामात राहू दे. मी वळून बघतो तर रिंगण रिकामं. पडदा सारून मागे धावलो. चांदीचे कपडे घातलेली माझी पोर आणि घामानं भिजलेली माझी बहीण पिंपापाशी उभ्या होत्या, आरशात तोंड, हातात ब्रश. तोंडातून पट्टी निघाली की आधी दात, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. मी म्हणालो, अगं लोक बोलावतायत. खारूनं तोंडातल्या फेसासकट मान हलवली आणि बोटं वर करून दाखवली. दोन मिनिटं.

मी परत माईकपुढे गेलो. अख्खा तंबू तिच्या नावानं ओरडत होता. मी हात वर केला, सगळे शांत झाले.

"मंडळी, जरा थांबा," मी म्हणालो. "ती दात घासतेय."